मोठ्यांच्या खेळांचा प्रमुख

१ डिसेंबर, सोमवार

प्रार्थनागृहाच्या चिटणीसबाईंचा फोन. यंदा हनुक्काच्या, म्हणजे आम्हा ज्यूंच्या आठ दिवसांच्या दिव्यांच्या सणाच्या, आठव्या संध्याकाळी हॉलमध्ये पार्टी, आणि मोठ्यांच्या खेळांचा प्रमुख मी. लहानांसाठी दरवर्षी काहीतरी असतंच. मोठे मात्र अंगातला कोटही न काढता घोळके करून बसतात, खातात आणि घरी जातात. बाईंना आइसब्रेकर हवेत, माणसांना एकमेकांशी बोलतं करणारे खेळ. लगेच हो म्हटलं. छापखान्यात सव्वीस वर्षं काढली, माणसं कामाला लावणं मला नवीन नाही.

फोन ठेवता ठेवता बाई म्हणाल्या, मास्तरही येणार आहेत.

हे आधी सांगायला हवं होतं.

२ डिसेंबर, मंगळवार

ही वही कोणी वाचत नाही, तेव्हा स्वच्छ लिहून टाकतो. मास्तरांनी एकतीस वर्षं आमच्याकडे प्रार्थना म्हटल्या. मला हिब्रू अक्षरं त्यांनीच शिकवली. गेल्या वर्षी मी सूचनापेटीत चिठ्ठी टाकली: मास्तरांचा आवाज मागच्या तीन रांगांत पोचत नाही, वयाचा विचार व्हावा. सही केली नाही. सूचना महत्त्वाची, माणूस नव्हे. दोन महिन्यांनी कमिटीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि मोकळं केलं. तेव्हापासून ते फिरकलेले नाहीत.

तक्रार नव्हतीच ती. सूचना होती.

बायकोला माहीत आहे. ती म्हणते, जाऊन माफी मागा. तिला यातलं नाजूकपण कळत नाही.

संकल्प: प्रत्येक खेळ मास्तरच जिंकतील अशी व्यवस्था करायची. माणूस जिंकला की मागचं विसरतो.

५ डिसेंबर, शुक्रवार

मास्तरांच्या जागी आलेला तरुण माइक लावतो, तरी शब्द गिळतो. हल्ली लोकांना तोंड उघडायचाच कंटाळा. बायकोही पुटपुटायला लागली आहे. जेवताना काहीतरी म्हणाली, मी हो म्हटलं. नंतर कळलं, मेहुण्याच्या आठ दिवसांच्या मुक्कामाला मी परवानगी दिली.

९ डिसेंबर, मंगळवार

खेळ ठरले. पहिला, ‘माणूस शोधा’. कागदावर चौकटी, प्रत्येकीत एक वर्णन. ते ज्याला लागू पडेल त्याची सही घ्यायची. ‘ज्याने तीस वर्षं एकच काम केलं’, ‘ज्याला सगळ्यांचे वाढदिवस पाठ आहेत’ वगैरे पाच चौकटी खास मास्तरांसाठी, तिथे त्यांना स्वतःचीच सही करता येईल. दुसरा, सणाचा चार बाजूंवर चार अक्षरं असलेला चौकोनी भोवरा, पैशांऐवजी बटणं पणाला लावून. तिसरा, ‘दोन खरं, एक खोटं’. वेळ उरला तर कानगोष्ट.

बाईंना फोन करून विचारलं, कागद किती? वीस म्हणाल्या. स्वतः मशीनवर उभा राहून छापले. देखणे झालेत.

बायको म्हणाली, तीस म्हणाल्या असतील. मी म्हटलं, मी काय बहिरा आहे? त्यावर ती काहीतरी बोलली.

१४ डिसेंबर, रविवार

पहिली मेणबत्ती लावली. मेहुणा बॅगेसकट हजर.

शेजारी दारात. टीव्ही हळू करा म्हणे. मी मेहुण्याला सुनावलं, बघ, तुझ्यामुळे. तो म्हणाला, भाऊजी, रिमोट तुमच्या हातात आहे.

छापखान्यातल्या मेकॅनिककडून भोवऱ्याची एक बाजू घासून घेतली होती. घरी फिरवून पाहिला. दहात आठ वेळा ‘सगळं तुझं’ याच अक्षरावर पडतो. याला फसवणूक म्हणत नाहीत. भरपाई म्हणतात.

१८ डिसेंबर, गुरुवार

बायको पुन्हा तेच. अजून तीन दिवस आहेत, जाऊन या. मास्तरांचं घर माझ्या कामाच्या वाटेवर आहे. पण त्या रस्त्याने मी बरेच महिने जात नाही. तिकडे खोदकाम चालू असावं.

२१ डिसेंबर, रविवार, सकाळ

सर्व तयारी चोख. खुर्च्यांचा नकाशाही काढलाय. कानगोष्टीत मास्तर शेवटून दुसरे आणि मी शेवटचा, म्हणजे त्यांनी काहीही सांगितलं तरी मी ते बरोबर ठरवीन.

आज माझ्या मनावरचं ओझं उतरणार.

२२ डिसेंबर, सोमवार

कामावर गेलो नाही. झालं ते क्रमाने लिहितो.

माणसं तीस. कागद वीस. दहा जणांनी काढलेले कोट परत चढवले आणि दाराशी जाऊन बसले.

मास्तर निळा स्वेटर घालून आले. पुष्कळ वाळलेत. माझ्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी विचारलं. मी म्हटलं, हो, हो.

‘माणूस शोधा’त मास्तरांनी स्वतःचा कागद मेहुण्याला देऊन टाकला, चष्मा आणला नव्हता म्हणून. मेहुणा पहिला आला. भोवरा मास्तरांनी हातात घेतला आणि माझ्याकडे परत दिला. हात थरथरतो रे, माझ्या वतीने तूच फिरव. दोनदा फिरवला. दहातले ते उरलेले दोन नेमके तेव्हा पडले. पुढची पाळी मेहुण्याची. सगळी बटणं त्याने नेली.

मग ‘दोन खरं, एक खोटं’. मास्तर खुर्चीला धरून उठले. एकेक बोट दुमडत सावकाश म्हणाले, मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. एकतीस वर्षांत मी एकही शुक्रवार चुकवला नाही. हे काम मी आपणहून सोडलं.

यातलं खोटं कोणतं ते सांगायला एकाचाही हात वर गेला नाही. चिटणीसबाई रिकाम्या बश्या गोळा करायला लागल्या. मास्तर खाली बसले, स्वेटरची बाही ओढत राहिले. मला वाटलं, आत्ताच उठावं आणि सांगून टाकावं. उठलोही. आणि कानगोष्ट जाहीर केली.

बाईंनी सुरुवात केली. वाक्य कानोकानी सगळ्या हॉलभर फिरून मास्तरांपर्यंत आलं. ते माझ्याकडे वाकले. कानाला ऊबदार श्वास लागला. शब्द नाही. मी म्हटलं, परत सांगा. परत नुसता श्वास. तिसऱ्या वेळी मी जरा चिडून म्हणालो, मास्तर, मोठ्याने बोला, तुमचा आवाज पोचत नाही.

हे मी बरंच जोरात बोललो असणार. बाईंच्या हातातल्या बश्या तशाच राहिल्या. ती चिठ्ठी पेटीतून त्यांनीच काढली होती.

मास्तरांनी मान वर करून वाक्य उघड म्हटलं. लोक माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो.

पुढचं बायकोने घरी येताना सांगितलं, दिव्याच्या खांबाखाली मला उभं करून, तोंडासमोर तोंड धरून. वाक्य होतं, ‘जिना ओला आहे, जपून उतरा.’ दाराशी कोटांच्या ढिगाजवळ बसलेल्या आजी म्हणाल्या होत्या, इथपर्यंत खणखणीत आलं की. त्यांना ऐंशी पूर्ण झाली.

२४ डिसेंबर, बुधवार

कानाची तपासणी. कपाटाएवढ्या बंद खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. पहिली पाच मिनिटं मशीन चालूच केलं नाही असं समजून गप्प बसलो. चालू होतं.

तपासणाऱ्या मुलीने मशीनवर किती वर्षं, कानात बोळे घालता का, असं विचारलं. बोळे ड्रॉवरमध्ये आहेत. पाकीट फोडलेलं नाही. ऐकू कमी येणं कधीपासूनचं असेल, मी विचारलं. तिने कागदावर लिहून दिलं: निदान चार-पाच वर्षं.

चिठ्ठी गेल्या वर्षीची.

येताना बसमध्ये जागा होती, तरी उभा राहिलो.

२८ डिसेंबर, रविवार

कानाचं यंत्र दोन आठवड्यांनी मिळेल. बायको म्हणाली, आता इतकं थांबलात तर ते मिळाल्यावरच मास्तरांकडे जा. मी म्हटलं, आज गेलो नाही तर कधीच जाणार नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच माझं तिला पटलं.

रस्ता चांगला होता. खोदकाम कुठेच नव्हतं.

मास्तरांनी मला स्वयंपाकघरात बसवलं आणि कप विसळायला लागले. ते पाठमोरे होते म्हणून बोलता आलं. सगळं सांगितलं. चिठ्ठी माझी. सही केली नाही कारण भित्रा आहे. आवाज तुमचा ठणठणीत होता, कान माझे गेले होते. मला क्षमा करा.

मास्तरांचा हात थांबला. नळ वाहत होता. मान थोडी हलली, म्हणजे ते बोलत होते. एक लांब वाक्य. मग थोडं थांबून एक छोटंसं. मग नळ बंद करून वळले, हात पुसले आणि माझ्याकडे बघत राहिले. माझ्या उत्तराची वाट बघत असावेत.

काय म्हणालात, एवढंच विचारायचं होतं. पण त्या माणसाला पुन्हा एकदा मोठ्याने बोला म्हणायला मन धजेना. मी मान डोलावली. त्यांनीही डोलावली. चहा प्यालो आणि निघालो.

घरी बायको दारातच उभी. काय म्हणाले मास्तर?

मी म्हटलं, बरंच काही.