काकांचा कोट

काका,

तुमचा निरोप मिळाला. मुलाकडे कायमचे राहायला गेलात आणि आता म्हणता, दुकानात राहिलेला कोट बटणं लावून पाठव.

एकोणीस वर्षं मी तुमच्या दुकानात शिलाई मशीन चालवलं. कापड कापायची वेळ आली की तुम्ही माझ्याकडे पाठ करायचात. मी मान वर केली की म्हणायचात, "पोरी, तू शिवणीकडे बघ." आज शिवणीत माझा हात कुणी धरणार नाही, पण साधी बाही कापता येत नाही. गिऱ्हाइकं कापड घेऊन येतात आणि मी त्यांना हात हलवत परत पाठवते. दुकान माझ्या गळ्यात मारलंत, कला मात्र सोबत नेलीत. तिचं काय लोणचं घालायचंय?

सकाळी तुमचा कोट घेतला आणि एकेक शिवण उसवली. तुकडे कागदावर पसरून कडेनं पेन्सिल फिरवली. तुमची कात्री कुठे वळते ते सगळं कळलं. मग बाही कापायला घेतली. दोन वाया गेल्या, तिसरी खांद्याला चपखल बसली.

हे पत्र कोटाच्या खिशात घालून पाठवणार होते. आता त्याला खिसाच उरला नाही.

शिवणीकडे बघणारी,
तुमची पुतणी