शीलाच्या सहीची गरज नाही

मी, सत्यशीला पुंडलिक सोनवणे, वय ७४, राज्यशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार हर्सूल, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहिते. पती हयात नाहीत. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा रामेश्वर ते मान्य करणार नाही.

१. बत्तीस वर्षं मी अमेरिकेची राज्यघटना शिकवली. सगळी माणसं जन्मतः समान, असं तिथल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणाऱ्याच्या घरी गुलाम राबत होते, हे सांगताना मी वर्गात तोंड वाकडं करून हसत असे. रामेश्वरच्या अमेरिकी नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी फोनवरून मीच करून घेतली. जाहीरनाम्यातले हक्क त्याने घडाघडा म्हणून दाखवले. पास झाला आणि चौथ्या दिवशी फोन: "आई, शीलाची घराच्या हक्कसोडपत्रावर सही घेऊन ठेव ना. तिला चांगली साडीचोळी करू की."

शीला माझी मुलगी. सहा वर्षं माझं दुखणंखुपणं तीच काढते. शेजारी बसून तिने सगळं ऐकलं. "मला घर नको, आई. पण सही मी करणार नाय," एवढंच म्हणाली.

२. हर्सूलचं घर माझ्या पगारातलं, माझ्या एकटीच्या नावावर. मी जिवंत असताना त्यात शीलाचा हक्कच नाही, तर ती सोडणार काय? परक्या देशाची घटना पाठ केलेल्या या विद्वानाने आईच्या घराचं खरेदीखत कधी उघडलेलं नाही. हे घर सामानासकट शीलाला.

३. पुस्तकं कॉलेजच्या ग्रंथालयाला. टिपणं रद्दीत घालावी. मुलं तशीही गाईडच वाचत.

४. रामेश्वरला लोखंडी कपाटातली मोरपंखी साडी. माझे वडील गेल्यावर भाऊ बिभीषण याने शेंद्र्याच्या शेताचं हक्कसोडपत्र पुढे केलं आणि ही साडी दिली. मी सही केली, तिथेच पुरणपोळी जेवले, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात समानता शिकवली. दहा वर्षांचा रामेश्वर तेव्हा माझ्या मांडीला मांडी लावून बसला होता. मला त्या सहीची लाज वाटते. हा धडा त्याला मीच दिला. साडीची घडी मी कधी मोडली नाही. ती मिळाल्याची सही त्याने शीलासमोर करावी.

आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. याच तारखेला अमेरिकेच्या घटनेवर सह्या झाल्या, त्यांत एकही बाई नव्हती. खाली तीन सह्या आहेत, त्यांतल्या दोन बायकांच्या.

सही: सत्यशीला पुंडलिक सोनवणे

आम्हा दोघांसमोर बाईंनी सही केली, त्यांच्यासमोर आम्ही:
१. सगीरा शेख, शेजारीण
२. बासित पठाण, माजी विद्यार्थी

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
१७ सप्टेंबर २०२५