बाईंनी वाचलेला निरोप

३ नोव्हेंबर २००४
पोलादपूरहून दुपारच्या एसटीने वाडीत पोचले. ग्रामपंचायतीशेजारची एक खोली, एक संगणक, एक टेलिफोन आणि भिंतींना चक्क नवा रंग! राहायचंही इथेच. निवृत्त होऊन घरात एकटीने बसण्यापेक्षा हे किती बरं. इथे पाठवणाऱ्या संस्थेने काम दिलंय तेही सोपं. मुंबईला गेलेली मुलं ई-मेल पाठवतात, इंग्रजी अक्षरांत मराठी. ते मी त्यांच्या आईबापांना वाचून दाखवायचे. कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर सांगत, मोठ्याने वाचताना शब्द भरलेल्या कपासारखा पुढे करावा. आज तसंच वाचलं. रखमा संगणकाच्या पाठीवरून हात फिरवत ऐकत होती. तिचा मंगेश मुंबईत गोदामात कामाला आहे. म्हणाली, "तलाठ्याचं खरं नाय, पुढाऱ्याचं खरं नाय. बाई, तुमी वाचाल त्येच खरं."

१९ नोव्हेंबर
सयाजीच्या पत्त्यावरून निरोप आला. सयाजी मंगेशच्याच खोलीत राहतो. गोदामाची भिंत पडली, मंगेश गेला, सगळं इथेच उरकलं, येऊ नका. आधी फोन करून खात्री करायला हवी होती. पण निरोप उतरला आणि लाइन गेली, रखमा समोर बसलेली. वाचून दाखवलं. दोनदा, कारण तिने पुन्हा वाचायला सांगितलं.

२ डिसेंबर
काल तेरावं झालं. दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला, म्हणून रखमा जरा शांत आहे. मी थकले आहे.

६ डिसेंबर
मंगेश आला. हातात आईसाठी लुगडं. म्हणाला, सयाजीने असं काही पाठवलेलंच नाही, सायबर कॅफेत कुणीतरी त्याचा पासवर्ड पाहिला असेल. रखमाने दार लावून घेतलं. पिंड दिला, कावळा शिवला, मग दारात उभं आहे ते काय? मुरारी गुरवाने तिच्या उंबऱ्यावर मोहरी टाकली. मी दारापाशी जाऊन सांगितलं, निरोप खोटा होता, चूक माझी. रखमा आतूनच म्हणाली, "तवा तुमी बघून वाचलात, बाई. आता मनानं बोलताय."
मंगेश माझ्या पायरीवर बसून आहे. त्याला भात दिला. तो जेवेपर्यंत मी पाहत राहिले, याची लाज वाटते.

८ डिसेंबर
नवा निरोप. या वेळी मंगेशच्या पत्त्यावरून. पायरीवर बसलाय तो मी नाही, त्याला भात देऊ नका.
भाताचं कुणालाच सांगितलेलं नाही. फक्त या वहीत लिहिलं.
सगळे जमले, वाचा म्हणाले. मी पडद्याकडे पाहत खोटं वाचलं: मंगेश सुखरूप आहे, त्याला घरात घ्या. आयुष्यात पहिल्यांदाच असं केलं. मुरारी म्हणाला, बाईंचा आवाज आज निराळा लागतोय.

९ डिसेंबर
संस्थेच्या कचेरीत फोन केला, माणूस पाठवा म्हणून. पलीकडून विचारलं, आपण कोण? बाई तर काल वारल्या, तसा मेल आलाय, छापून वाडीत पाठवलाय. मीच बोलतेय म्हटलं— पलीकडून फोन ठेवला.

१० डिसेंबर
रखमा ओल्या केसांनी विहिरीवरून गेली. मागून सगळ्या बाया, ओल्याच. माझ्या मरणाची अंघोळ करून आल्या. हाका मारल्या— एकीनेही मान वळवली नाही.
मंगेश पायरीवर सरकला. "बसा, बाई. दोन दिस कठीन जातात. मग भूक लागत नाय."

१२ डिसेंबर
दाराला बाहेरून कडी. मंगेश पायरीवरच— संगणक चालू आहे. निरोप, माझ्याच पत्त्यावरून.
रखमा खिडकीशी आली. माझ्याकडे पाहिलं. "काय आलंय त्ये वाचा." मनाचं सांगू लागले तर तोंड फिरवते. वाचेन म्हटलं की पुन्हा बघते.
फार थकले. तिने माझं एकदा ऐकावं— बस्स. आलेला निरोप आधी इथे उतरवते, मग वाचते. सावकाश.
पायरीवरचा तुझा मंगेश नाही, रखमा. आणि खोलीतली ही