जुन्या नावाची डिग्री

मिलिंददादा,

‘प्रिय’ लिहायला पेन टेकवलं होतं, पण उचललं. खोटं कशाला लिहू? आज तू मला प्रिय वगैरे काही नाहीस. समोर असतास तर हातातला तांब्या फेकून मारला असता.

सोमवारी माझी मुलाखत आहे, औरंगाबादला, एका कारखान्यात. डेटाबेस प्रोग्रामरच्या जागेसाठी. कारखान्यातल्या माणसांची, मालाची, हजेरीची माहिती कंप्युटरमध्ये नीट लावून ठेवायची आणि साहेबांनी मागितली की काढून द्यायची, असं ते काम. आमच्या क्लासचे सर म्हणाले, ‘उत्तरं नुसती पाठ करू नकोस. कुणाला तरी समोर बसव, त्याच्या डोळ्यांत बघून मोठ्यानं बोल.’ आता आपल्या घरात समोर बसायला रिकामं कोण आहे? आई खुरपायला जाते, आबा मोंढ्यात पोती उचलायला. एक तूच काय तो रिकामा, भिंतीवर हार घालून! म्हणून आठवडाभर मी तुलाच मुलाखत देते आहे.

आणि तू माझ्याकडे बघतही नाहीस. तो तुझा फोटो मोर्चातला, कापून मोठा केलेला. मूठ वर, तोंड उघडं, नजर कुठंतरी लांब. मी विचारते, ‘सॉर्ट आणि इंडेक्समध्ये फरक काय?’ मीच सांगते, की सॉर्ट केलं तर सगळ्या नोंदी क्रमानं दुसऱ्या फाइलीत उतरतात, आणि इंडेक्समध्ये नोंदी जागच्या हलत नाहीत, कुणानंतर कोण एवढंच वेगळं लिहिलं जातं. बरोबर सांगितलं तरी तुझं तोंड उघडंच. जिवंतपणी तरी तू कुणाचं ऐकून घेत होतास म्हणा!

कंप्युटर म्हटलं की कसा फिस्कारायचास, आठवतं? ‘ती मशीन आली की मानसं घरी बसतील बघ.’ दादा, तू तर ती मशीन परभणीत यायच्या आधीच घरी बसलास.

मी मात्र शिकले. दुपारची बॅच मिळाली, कारण दुपारी हमखास लाईट जाते आणि ती बॅच कुणाला नको असते. लाईट गेली की आम्ही कागदावर प्रोग्राम लिहायचो आणि सर त्यावर बोट फिरवत, ‘इथं तुझी मशीन लटकली बघ,’ असं सांगायचे. त्यामुळं माझ्या प्रोग्राममध्ये चुका फार कमी निघतात. सर म्हणतात, ही नोकरी तुझीच आहे. मलाही तसंच वाटतं, आणि हे म्हणायला मला लाज वाटत नाही.

घोडं अडलं ते दुसरीकडेच. मुलाखतीच्या पत्रात खाली एक ओळ आहे: मूळ पदवी प्रमाणपत्र सोबत आणावे, त्याशिवाय मुलाखत होणार नाही. आतापर्यंत मार्कमेमोवर भागत होतं. बी.एस्सी. होऊन वर्ष उलटून गेलं, माझी डिग्री कॉलेजच्या कपाटात पडून होती आणि मी ती आणली नव्हती. का नाही आणली, ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मी दहावीत होते. तू नामांतराच्या सत्याग्रहातून, जेलमधून सुटून आला होतास. दाढी वाढलेली, घसा बसलेला. अख्खी वस्ती तुझ्या मागं दारापर्यंत आली. तू पाणीही प्यायला नाहीस, आधी आम्हाला ओळीनं उभं केलंस. ‘विद्यापीठाचं नाव बदलत न्हाई तवर जुन्या नावाची डिग्री या घरात येनार न्हाई. करा हात वर!’ आबांनी हात वर केला. आईचे हात पिठाचे होते, तिनं तसेच वर केले. दारातल्या पोरांनीही केले. आणि मी? मी तर दोन्ही केले! केवढं मोठं काम आपण करतोय, असं वाटलं होतं मला. पण तू कुणाला विचारलंस का रे? विचारायची तुला सवयच नव्हती. तू घोषणा द्यायचास आणि मागून आवाज यायचाच.

ती मागणी चुकीची होती, असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर माझी जीभ झडेल. त्या नावापायी गावाकडं लोकांची घरं जळली. पळून आलेले पाहुणे आपल्या ओसरीत दाटीवाटीनं झोपलेले मला आठवतात, मी लहान होते तरी. नाव बदललंच पाहिजे. पण माझी डिग्री कपाटात राहिल्यानं, नाव न बदलणाऱ्यांचं काय बिघडलं ते मला सांग. त्यांना कळलं तरी का? त्यांची पोरं डिग्र्या घेऊन नोकऱ्यांना लागली आणि आपण ताठ मानेनं उपाशी!

तुझंच बघ. पोखर्णीकडच्या एका शाळेत तुझ्यासाठी मास्तरची जागा होती. मूळ डिग्री दाखवा म्हणाले, तर तू ‘ती मी घेतलेली नाही आणि घेणार नाही’ असं सांगून परत आलास. वस्तीनं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी आई खुरपं घेऊन कामाला निघाली, तेव्हा टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

मग कावीळ झाली. डॉक्टर म्हणाले, पडून राहा, पथ्य पाळ. आणि तू जिंतूरच्या सभेला गेलास, तिथून पुढं आणखी कुठं, वाटेत मिळेल ते खात. आई तुझ्या थैलीचा बंद धरून उभी होती. तिच्या हातातून ओढून घेतलीस ना थैली? आता बॅनरवर तुझ्या नावापुढं शहीद लिहितात. तू शहीद नाहीस, दादा. तू काविळीनं गेलास, आईचं न ऐकता गेलास. हे मी वस्तीत बोलले तर लोक अंगावर येतील, म्हणून तुलाच ऐकवते आहे.

तू असतास तर मी भांडले असते. अबोला धरला असता, जेवण टाकलं असतं, आणि शेवटी तू वैतागून म्हणाला असतास, ‘जा बाई, आन जा तुझा कागद.’ म्हणाला असतास ना? मला खात्री आहे. पण मेलेला माणूस शब्द मागे घेत नाही, आणि त्याचा शब्द दुसऱ्या कुणाला मोडवत नाही. सगळ्यांना बांधून ठेवून आपण निघून जायचं, ही कुठली रीत?

बुधवारी तुझा जिवलग गौतम घरी आला. तोच, जो दरवर्षी तुझ्या स्मृतिदिनाला रडत रडत भाषण करतो. मी डिग्री आणणार आहे, हे त्याला कुठूनतरी कळलं होतं.

‘सुजाता, मिलिंदच्या शब्दाला काई किंमत हाय का न्हाई? आमी आजून लढायलाव आन तू कागद घिऊन पळायलीस?’

मी चहाची बशी त्याच्या पुढ्यात ठेवली. ‘गौतमभाऊ, त्या दिवशी दारात उभं राहून तुम्हीही हात वर केला होतात. तुम्ही आज जिल्हा परिषदेत क्लार्क आहात. तुमची डिग्री कुठंय?’

त्यानं बशी बाजूला सारली. ‘ती हापिसात जमा हाय. घरात कुटं हाय?’

चहा तसाच ठेवून गेला. आबा त्याला सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. लोका सांगे ब्रह्मज्ञान! असले तुझे सोबती, आणि त्यांच्यासाठी तू थैली ओढून घेत होतास.

आई चुलीपुढं भाकरी थापत सगळं ऐकत होती. म्हणाली, ‘मग झालं की! घरात आनायची न्हाई, येवढाच शब्द हाय ना? तू बी सरांच्या क्लासात ठिव. तिकडूनच मोटारीला जा.’

मला हसू आलं आणि लगेच संतापही आला. मी अभ्यास करून मिळवलेली वस्तू चोरीच्या मालासारखी लोकांच्या घरी दडवू? मी म्हटलं, ‘आई, पळवाट नको सांगू. तुला काय वाटतं ते सांग.’

ती उठली. तुझ्या फोटोकडं तोंड करून म्हणाली, ‘मला काय वाटायचं? येक लेकरू कागदापायी घरात बसलं आन तसंच गेलं. दुसरं मी बसू देनार न्हाई.’

आबा तेवढ्यात परत आले होते. त्यांनी ते ऐकलं, आणि पुन्हा बाहेर निघून गेले. तुझा शब्द सगळ्यात जास्त त्यांनी सांभाळला, हे तुला माहीत आहे. तुझ्या माघारी त्यांच्याजवळ दुसरं होतं काय?

काल मी कॉलेजात गेले. ऑफिसातल्या म्हाताऱ्या क्लार्कनं कपाटातून गठ्ठा काढला, दोरी सोडली. ‘लय दिवस लावले बाई. सही करा हितं.’ मी सही केली. तो गठ्ठा परत बांधता बांधता थांबला. ‘तुमच्या भावाची बी हाय की ह्यात. कोन येनार आता न्यायला? घिऊन जाता का?’

त्यानं ती वर काढून दाखवली. तुझं नाव सुबक अक्षरात लिहिलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या. हात पुढं गेलाच होता. मग मी तो मागं घेतला. ‘राहू द्या,’ म्हटलं. ‘त्यानं ती घेणार नाही म्हणून सांगितलंय.’ तुझी शपथ तुझ्यापुरती अजून शाबूत आहे, दादा. मी तिला हात लावलेला नाही. माझी मात्र मी मोडली.

घरी येताना डिग्री पिशवीत घातली नाही. हातात धरली, वस्तीतून सरळ चालत आले. ज्यांना बघायचं त्यांनी बघितलं. कुणी ‘जयभीम’ घातला, कुणी तोंड फिरवलं. आबा दारातच बसले होते. मी उंबऱ्याबाहेर थांबले. त्यांनी ‘नको’ म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही.

त्यांनी हात धोतराला पुसले आणि डिग्री मागून घेतली. उलटी धरली होती, मी सुलटी करून दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली. मला वाटलं, आता विद्यापीठाचं ते जुनं नाव कुठंय म्हणून विचारतील आणि बसतील रडत.

त्यांनी विचारलं, ‘तुजं नाव कुटं हाय?’

मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला, बाजूला सरकले आणि मला आत जायला वाट दिली. इतक्या वर्षांत या घरात माझं नाव कुठं आहे, असं कुणी विचारलं नव्हतं. तूसुद्धा नाही. आणि मग मीच दारात बसून रडले. तुझ्यावरचा राग त्यानं गेला असेल, असं समजू नकोस.

आता ऐक. उद्या पहाटेच्या गाडीनं मी निघणार. नोकरी मिळाली तर आईचं खुरपं सुटेल, नाही मिळाली तर पुढच्या मुलाखतीला जाईन, डिग्री हातात घेऊनच. आणि तुला एक शब्द देते. तुझ्यासारखा सगळ्या घराच्या वतीनं नाही, माझ्या एकटीचा. ज्या दिवशी विद्यापीठाचं नाव बदलेल, त्या दिवशी मी रजा टाकून येईन आणि तुझी डिग्री नव्या नावाची करून द्या म्हणून त्या कपाटापुढं उभी राहीन. दिल्याशिवाय हलणार नाही.

पण रजा टाकायला आधी नोकरी लागते, दादा.

तुझी, तुझं न ऐकणारी बहीण,
सुजाता