धुलाई यंत्राशी एकेरीत बोलू देण्याबाबत

दिनांक : ११ जून

प्रति,
मा. प्रशासकीय अधिकारी,
सार्वजनिक रुग्णालय

विषय : धुलाई यंत्राच्या प्रोग्रॅममधील एकेरी क्रियापदे तशीच राहू देण्याबाबत, तसेच 'यथावकाश' म्हणजे किती मिनिटे हे कळवण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे दि. ३ जूनचे पत्र (प्रोग्रॅमची भाषा उद्धट असल्याबाबत).

महोदय,

१. मोठ्या धुलाई यंत्रासाठी मी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये एकूण ११८ ओळी आहेत. त्यांत 'जर' २३ वेळा, 'तर' २३ वेळा, 'नाहीतर' ९ वेळा आणि 'थांब' ७ वेळा येते. शिवी एकही नाही. आधीचा प्रोग्रॅम इंग्रजी अक्षरे आणि कंसांनी भरलेला होता. तो कंपनीच्या माणसाखेरीज कोणालाही वाचता येत नसे. आताची एक ओळ नमुन्यादाखल : 'जर पाणी साठ अंश गरम झालं, तर साबण सोड, नाहीतर थांब.'

२. धुलाई कक्षात बावीस वर्षे काम करणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी चष्मा लावून हा प्रोग्रॅम वाचला आणि ६४व्या ओळीवर बोट ठेवून विचारले, "अगं, पाणी जायच्या आधीच दार उघड म्हणतेस? चादरींबरोबर मीही वाहून जाऊ का?" चूक माझी होती. ती दुरुस्त केली.

३. आपल्या पत्रासोबतच्या प्रतीवर मुख्य लिपिकांनी लाल शाईने ४१ दुरुस्त्या केल्या आहेत. 'थांब'चे 'कृपया थांबावे' झाले, 'साबण सोड'चे 'साबण सोडण्यात यावा' आणि 'पाणी काढ'चे 'पाणी यथावकाश काढण्यात यावे'. आदेशानुसार मी हे सर्व जसेच्या तसे घातले. यंत्र सुरूच झाले नाही. मावशी म्हणाल्या, "अहो-जाहो केलंस ना, आता बसलं जावयासारखं."

४. 'कर', 'करा', 'करावे' आणि 'करण्यात यावे' ही एकच आज्ञा आहे, हे मी यंत्राला चार दिवसांत शिकवले. 'कृपया' दिसले की ते आता न अडखळता पुढे जाते. मात्र 'यथावकाश'पाशी गाडे अडले आहे. मिनिटे विचारली असता मुख्य लिपिकांनी 'यथावकाश म्हणजे यथावकाश' असे लेखी कळवले. तेही घालून पाहिले. यंत्र सकाळपासून अवकाशाची वाट पाहत असून आत ३४ चादरी भिजत आहेत.

५. दुरुस्त्या न जमल्यास १५ जूनला जुना प्रोग्रॅम परत बसवावा, असे आपल्या पत्रात आहे. १६ जूनला यंत्रप्रमुखाच्या जागेसाठी मावशींची मुलाखत आहे. 'यंत्रातील प्रोग्रॅम वाचून चूक सांगता येणे' ही त्या जागेची अट आहे. जुना प्रोग्रॅम बसला तर मावशी अपात्र ठरतील, आणि पुन्हा जागा निघेपर्यंत त्या निवृत्त झालेल्या असतील.

६. एकेरीचा आग्रह उद्धटपणापोटी नाही. मावशी वाफेत उभ्या राहून वाचतात. 'थांब' एका नजरेत दिसते. 'कृपया थांबावे' वाचून होईपर्यंत पाणी चपलांपर्यंत येते. तरीही आदरार्थी रूपेच हवी असतील तर ती ठेवते, पण 'यथावकाश' तेवढे गाळू द्यावे आणि जुना प्रोग्रॅम बसवण्याचा आदेश मागे घ्यावा, ही विनंती.

७. मावशींनी प्रोग्रॅम वाचलेला नसून पाठ केला आहे, अशी शंका मुख्य लिपिकांनी काढली. म्हणून आज दुपारी त्यांच्यासमोर चाचणी घेतली. प्रोग्रॅममध्ये मी मुद्दाम काही चुका पेरल्या. किती, ते कोणालाच सांगितले नव्हते. निकाल सोबत जोडला आहे.

आपल्याशी मात्र कायम आदरार्थी बोलणारी,

(सही)
प्रशिक्षणार्थी तंत्रज्ञ, धुलाई कक्ष

सहपत्रे :
१) लाल शाईच्या दुरुस्त्यांसह प्रोग्रॅमची प्रत.
२) चाचणीचा तक्ता, मुख्य लिपिकांच्या सहीसह. पेरलेल्या चुका : ३. मावशींनी दाखवलेल्या चुका : ४. तपासणीअंती खऱ्या ठरलेल्या : ४. लागलेला वेळ : ९ मिनिटे १० सेकंद.