ताईचं घर एकोणतीस सेंटिमीटरवर

ती. ताईस,

गळ्यात टेप आणि मांडीवर गिऱ्हाइकाचा कोट असल्यामुळे साष्टांग जमत नाही, तरी बसल्या जागी वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? (डावा. उजव्याचं तू मागच्या पत्रात कळवलंस.) भाऊजींनाही नमस्कार.

‘आठ वर्षं बोलावतेय, आता पुन्हा बोलावणार नाही,’ हे तुझं वाक्य मी तीनदा वाचलं. दर वेळी मी ‘फार लांब आहे गं’ म्हणायचो, ते न मोजताच म्हणायचो, एवढी चूक मला मान्य आहे. एरवी मोजल्याशिवाय मी कुणाची बाहीसुद्धा कापत नाही. म्हणून शेजारच्या शाळेतून भिंतीवरचा नकाशा आणि पृथ्वीचा गोल मागून आणला. नकाशावर पट्टी ठेवली, तर आमच्या विमानतळापासून तुमच्या विमानतळापर्यंत तेरा हजार आठशे किलोमीटर. मग गोलावर टेप टाकली (घेर शहाण्णव सेंटिमीटर, भाऊजींची शेवटची पँट मी याच मापाची शिवली होती), तर एकोणतीस सेंटिमीटरच! म्हणजे पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर धरला तर बारा हजार त्र्याऐंशी. सतराशे किलोमीटर गेले कुठे? दुपारचं जेवण निवून गेलं. शेवटी कोटाच्या मापाला आलेल्या गृहस्थांचं पोट बघून उलगडा झाला : कागदावर सरळ दिसणारी रेघ गोलाईवर लांबची पडते, जवळची वाट खांद्याकडून वळून जाते. हे मला कुठल्या क्लासात शिकवलं नाही, कारण मी कुठल्या क्लासात गेलोच नाही. तुझ्या भाचीचा मोबाईल बारा हजार एकसष्ट म्हणतो. बावीसचा फरक शिलाईत जातो.

मग वेळेची चौकशी करायला तिकीट ऑफिसात गेलो. तक्त्यात जाताना चौदा तास दहा मिनिटं, येताना पंधरा तास पस्तीस! काउंटरवरच्या बाईंना मी ही छपाईची चूक सभ्यपणे दाखवून दिली. त्या म्हणाल्या, “चूक नाही काका, वारा असतो. जाताना मागून, येताना समोरून.” मी पुन्हा विचारलं, तर रांगेतला एकजण म्हणाला, “काका, वाऱ्याची तक्रार पलीकडच्या खिडकीत!” (पलीकडे खिडकी नव्हती. मी बघितलं.) थोडक्यात काय, वारासुद्धा तुझ्याच बाजूचा निघाला, मला तिकडे ढकलतो आणि परत सोडायला कुरकुरतो. तेव्हा ‘लांब आहे’ हे मी मागे घेतो. येतोच असं म्हणत नाही, फक्त अंतराविषयी लिहितोय.

तुझा धाकटा,
दुकानातूनच

ता. क. : तुझ्या भावजयीने पत्र वाचलं. म्हणते, “सरळ लिहा की, विमानाची भीती वाटते म्हणून गेला नाहीत!” तिला तपशिलाची आवड नाही.

पुन्हा ता. क. : दोघांची तिकिटं काढली आहेत. बारा तारीख. मी खिडकीपासून लांब बसणार आहे.

शेवटचं ता. क. : तुझ्यासाठी लोकरी कोट बेततोय, मापं कळव. किंवा नकोच, तू कंबरेत दोन इंच चोरतेस. टेप घेऊनच येतो. चौदा तास दहा मिनिटं हातात घट्ट धरायला काहीतरी हवंच.