बसवरची लिंबाएवढी काच

मंगळवार, दिवेलागण

शाळेची बस उभी राहिली तरी केळीचे ट्रक बाजूने सुसाट निघतात, म्हणून नात चिमी उतरताना मी रोज काठी आडवी धरून रस्त्यात उभा राहतो. कोण जुमानतं? आज बसवर कॅमेरा लावलाय. बस उभी असताना जो गाडी पुढे काढेल त्याचा फोटो थेट पोलिसांकडे, म्हणे. आणि ट्रक थांबला! एवढं धूड, लिंबाएवढ्या काचेपुढे!

बसचा ड्रायव्हर हसला, "नाना, काठी खाली करा! तुम्हाले आता पेन्शन."

लिंबाएवढी काच. धुळीनं आंधळी झाली तर? उद्या फडकं नेऊन पुसावी का?

चिमी मात्र रोजच्यासारखी धावली नाही. थांबलेल्या ट्रकसमोर, बुटातला खडा काढायला चक्क रस्त्याच्या मध्येच थांबली. मी बघतच राहिलो.